पास, नापास आणि ढकलपास

आज एका परक्या क्रियापदाची हकिकत सांगायची आहे. क्रियापद इंग्रजी आहे, पण आपल्यापैकी ज्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यांच्याही तोंडी ते रोज असते. शिर्डीच्या एस.टी. स्थानकावर सकाळी घटकाभर उभे राहा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. शाळेची पोरे वाहकाला म्हणतात, "पास आहे." मंदिराच्या वाटेवर यात्रेकरू विचारतात, "दर्शनाचा पास कुठे मिळतो?" कोणी आरतीच्या पासासाठी ओळखी काढीत असतो. जवळच काकडीला १ ऑक्टोबर २०१७ रोजी विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून बोर्डिंग पास हा आणखी एक प्रकार पंचक्रोशीच्या कानांवर आला. आणि निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न, "पास झाला का रे?"

यात उत्तरेकडच्या यात्रेकरूंमुळे मौजही होते. हिंदीत 'पास' म्हणजे जवळ. एका गृहस्थांनी पास कुठे मिळतो म्हणून हिंदीत विचारले, आणि आमच्या गावच्या पोराने "पासही है" असे उत्तर देऊन त्यांना कोड्यात टाकले, हे मी स्वतः ऐकले आहे. पोराला "इथे जवळच" असे म्हणायचे होते. गृहस्थांना वाटले, हा आपल्याला आणखी एखादा पास सांगतो आहे.

तर हा पास कोण, कुठला, आणि आपल्याकडे येऊन त्याने काय काय केले, हे पाहू.

शिक्षकबंधूंना ठाऊकच आहे की इंग्रजी कोशात या क्रियापदाला पाने खर्ची पडतात. मूळ अर्थ साधा आहे: जाणे, पुढे सरकणे, एखाद्या ठिकाणावरून पलीकडे निघून जाणे. मग त्यातून फांद्या फुटल्या. माणूस रस्त्याने जातो तेव्हा पास, वेळ जातो तेव्हा पास, दुखणे ओसरते तेव्हा पास. जेवणाच्या मेजावर मिठाचे भांडे पुढे सरकवायचे असेल तर पास. मनुष्य वारला तरी इंग्रज हेच क्रियापद वापरतो, आणि न्यायाधीशाने शिक्षा ठोठावली तरी हेच. परीक्षा, कायदा, हुंडी, नाणे, गाडी, सगळ्यांना एकच शब्द पुरतो.

आता गंमत पाहा. एवढ्या मोठ्या कुटुंबातून मराठीने उचलले कोण? मिठाचे भांडे आपण पास करीत नाही, 'इकडे दे' म्हणतो. दुखणे पास होत नाही, 'उतरते'. दिवस पास होत नाहीत, 'सरतात'. माणूस पास होत नाही, 'वारतो', 'जातो', 'निवर्ततो'. आपण घेतले ते फक्त परीक्षेत पास होणे, बिल पास होणे, ठराव पास होणे आणि हातातला कागदी पास. यांतल्या प्रत्येक ठिकाणी जाणारा एक आहे आणि जाऊ देणारा दुसराच आहे. इंग्रजाच्या तोंडी जो शब्द चालण्याचा होता, तो आपल्याकडे परवानगीचा झाला. वाट तिकडेच राहिली आणि फाटक तेवढे इकडे आले, असे मला वाटते. हे का झाले, याचे उत्तर कोशात नाही. ते आपल्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासात आहे.

शब्दाचे मूळ थोडक्यात सांगून टाकतो. इंग्रजांनीही हा शब्द उसनाच घेतला आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, त्यानंतर तिथल्या दरबारात आणि कचेरीत फ्रेंच भाषा बसली, आणि तिच्यातून हे क्रियापद इंग्रजीत शिरले. फ्रेंचांना ते लॅटिनमधून मिळाले. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. हे ऐकून कोणी उत्साही गुरुजी लगेच म्हणतील, मग आपला 'पाद' आणि त्यांचा 'पासुस' सख्खे भाऊ दिसतात! तसे नाही. 'पासुस' हा ताणणे, फाकणे अशा अर्थाच्या धातूपासून आला. लांब टाकलेली ढांग, असा त्याचा भाव. 'पाद' चे कूळ निराळे. उच्चार जुळला की नाते जोडायचे, हा मोह शब्दांच्या बाबतीत फार वाईट. 'पास' चाच दाखला घ्या. आमच्या बाजूला कुळवाच्या लोखंडी पात्याला पास म्हणतात, कुठे फास म्हणतात. ती पास स्त्रीलिंगी, आपली, आणि या साहेबी पासाशी तिचा काडीचा संबंध नाही.

चालण्याचा अर्थ आपण घेतला नाही, कारण त्याची आपल्याला वाणच नव्हती. ओलांडणे, सरणे, उतरणे, लोटणे, उलटणे, पार होणे. नदी, वय, वर्ष, उंबरठा, प्रत्येकाला आपला वेगळा शब्द. शिवाय 'जाणे' याच अर्थाचे एक परके क्रियापद मराठीत कधीच येऊन बसले होते. ते फारसी. 'प्रसंग गुदरला' असे आपण म्हणतो, त्यातले गुदरणे किंवा गुजरणे ते हेच. 'गुजराण' हा शब्दही त्याच घरचा. आयुष्य पुढे नेणे म्हणजे गुजराण. व्याकरण शिकवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. फारसी क्रियापद मराठीत आले ते अस्सल क्रियापद होऊन आले: गुदरतो, गुदरला, गुदरेल. 'खर्च' पासून खर्चणे झाले, 'बदल' पासून बदलणे झाले. इंग्रजी 'पास' ला मात्र आपण प्रत्यय लावू दिला नाही. 'मी पासलो' असे कोणी म्हणत नाही. पास होणे, पास करणे, पास काढणे, असे नेहमी आपल्या क्रियापदाचे बोट धरूनच तो चालतो. घरात आला, पण सोप्यातच बसला, असे म्हणा.

डोंगरातल्या वाटेलाही इंग्रज पास म्हणतो. ते मात्र आपण मुळीच ऐकले नाही. आपल्याला खिंड होती, घाट होता. उलट इथे साहेबानेच आपला 'घाट' हा शब्द उचलला आणि इंग्रजी नकाशांवर छापला. देवघेव अशी दोन्ही बाजूंनी असते.

आता कागदी पासाकडे वळू. वाटेने जायला परवानगी लागणे ही गोष्ट काही इंग्रजांनी आणलेली नाही. पेशवाईत माल घेऊन निघालेल्या व्यापाऱ्याला रहदारीचे दस्तक लागत असे. चौकीवर ते दाखवायचे, जकात भरायची आणि पुढे सरकायचे. पुणे शहरात रात्रीची तोफ झाली की विनाकारण हिंडणाऱ्याला कोतवालाचे लोक धरीत. दस्तक, परवाना, हे शब्द त्या कारभाराचे. तेव्हा गोष्ट जुनीच. पण जुन्या राजवटीत खेड्यातल्या साध्या माणसाचा दस्तकाशी संबंध क्वचित येई. इंग्रजी अमदानीत गाडी आली, कचेरी आली, शाळा आली, कारखाना आला, आणि प्रत्येकाच्या दाराशी एकेक पास येऊन बसला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. आपल्या भागात धोंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि कोपरगावला स्थानक झाले. शिर्डीला येणारी जुनी मंडळी तिथे किंवा चितळीला उतरत आणि टांग्याने येत. शिर्डीला स्वतःचे रेल्वे स्थानक मिळायला २००९ साल उजाडले. रेल्वेच्या नोकराला फुकट प्रवासाचा कागद मिळे, तो पास. पुढे रोज जाणाऱ्याचे महिन्याचे तिकीट, तेही पासच. या पासात काही वाईट नव्हते. उलट ज्याच्या खिशात तो असे त्याचा जरा तोराच असे.

पण याच शब्दाचा दुसरा एक कागद होता, आणि त्याची आठवण आपण फारशी काढीत नाही. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. प्रथम तो उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासकट सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला. या कायद्याने गुन्हा केलेल्या माणसाला नव्हे, तर आख्ख्या जमातीला गुन्हेगार ठरवता येई. पारधी, कैकाडी आणि अशाच कितीतरी भटक्या लोकांची नावे नोंदवहीत चढली. नाव चढले की ठरल्या वेळी हजेरी द्यायची, आणि नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जायचे तर पास घ्यायचा. बाजाराला जायचे, पास. लेकीच्या सासरी जायचे, पास. पासावाचून सापडला तर शिक्षा.

वाचकहो, हे जरा थांबून मनात आणा. हे लोक मुळात चालणारे. फिरणे हाच त्यांचा धंदा: टोपल्या विणायच्या, विकायच्या, मुक्काम हलवायचा. ज्यांचे जगणेच पावलांवर उभे, त्यांना जाण्यासाठी कागद मागायला लावला, आणि त्या कागदाचे नाव काय, तर जाणे! सोलापूरला तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला, म्हणून या जमाती स्वतःला विमुक्त म्हणवतात आणि तो दिवस पाळतात. कायदा गेला, पण कागदाची सवय गेली असे म्हणवत नाही. गावाबाहेर पाल पडले की "तुमच्याकडे कागद काय आहे?" असे विचारणारे आजही आहेत. विचारणाऱ्यांत कधी आपणही असतो. मी इतिहास शिकवतो. वर्गात हे सांगताना पुढे बसलेल्या एखाद्या पोराची मान खाली जाते, तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

ज्यांना कधी असा कागद लागला नव्हता, त्यांना त्याची चव २०२० साली कळली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. शिर्डीचे मंदिर १७ मार्चला बंद झाले ते १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडले. जिल्ह्याची हद्द ओलांडायला ई-पास आला. मामाच्या गावाला जायला पोलिसांची परवानगी, हे आमच्या पिढीने प्रथमच पाहिले. साखर कारखान्यांच्या तळांवर ऊसतोड मजूर बायकापोरांसह अडकून पडले. त्यांना तपासणी करून घरी जाऊ देण्याचा निर्णय १७ एप्रिलला झाला. तो ई-पास सप्टेंबरात गेला, आणि सगळे पुन्हा मोकळे हिंडू लागले. सहा महिन्यांत माणसे कावली होती. पारध्यांना हाच पास पिढ्यान्पिढ्या होता.

परंतु कागद हा अडवण्यासाठीच असतो असे म्हटले तर तो एकांगी न्याय होईल. १ जून १९४८ रोजी आपल्या एस.टी.ची पहिली गाडी पुणे ते नगर अशी धावली. आपल्याच जिल्ह्याच्या रस्त्यावर हे घडले याचा आम्हा नगरकरांना अभिमान आहे. (आता अहिल्यानगरकर म्हणायला हवे, २०२४ साली जिल्ह्याचे नाव बदलले. जिभेला वेळ लागतो.) चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव याच जिल्ह्यातले, आणि त्यांच्याच नावाच्या योजनेखाली खेड्यातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत एस.टी.चा मोफत पास मिळतो. या पासाची किंमत ज्याला कळत नसेल त्याने एखाद्या वाडीवर जाऊन बघावे. गावात चौथीपर्यंत शाळा, पुढची शाळा सहा-सात किलोमीटरवर. मुलाला सायकल मिळते, मुलीला "आता पुरे झाले" असे उत्तर मिळते. माझ्या थोरल्या चुलतबहिणीला तेच मिळाले. ती हुशार होती. माझी गणिते तीच सोडवून देई. तिची धाकटी मुलगी मात्र पासावर एस.टी.ने जाऊन बारावी झाली. पास निघाला म्हणून पास झाली. एकाच वाक्यात दोन पास, आणि पहिल्यावाचून दुसरा नाही. सुगीत, लग्नसराईत गाडी रद्द होते, तेव्हा पास दप्तरातच राहतो हेही खरे. कागद दिला तरी गाडी यावी लागते.

परीक्षेच्या पासाची गोष्ट याहून मोठी आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ मध्ये प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, सुरू झाली. १८६२ साली बी.ए. चे पहिले पदवीधर बाहेर पडले, ते चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्याआधी आपल्याकडे विद्या नव्हती असे नाही. पंतोजींची शाळा होती, पाठशाळा होत्या, शास्त्रार्थ होत, दक्षिणा मिळे. पण अमुक गुण पडले तर आत, एक कमी पडला तर बाहेर, अशी रेघ नव्हती. ती रेघ विद्यापीठाने ओढली. रेघेच्या अलीकडे राहणाऱ्यासाठी एक नवा शब्द लागला, आणि तो लोकांनी घडवला: नापास.

काय शब्द आहे पाहा! धड इंग्रजी, 'ना' हा उपसर्ग फारसी, आणि बोलणारा मराठी. शेजारची गुजराती भाषाही तो वापरते. हिंदीने 'फेल' वर भागवले. आपण 'नापास' केला, आणि त्याला बसवला कोणाच्या पंगतीला? नालायक, नाउमेद, नाराज, नाइलाज. पंगतीचा परिणाम होतोच. 'उत्तीर्ण झाला नाही' म्हटले तर नदी उतरायची राहिली, उद्या उतरेल, असे वाटते; कारण उत्तीर्ण म्हणजे मुळात पलीकडे उतरलेला. 'नापास' म्हटले की पोराच्या कपाळावर शिक्का बसतो.

शिक्का पासचाही होता, आणि तो भारी होता. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मनुष्य प्राथमिक शिक्षक होऊ शके. 'फायनल पास' हे शब्द नावापुढे पदवीसारखे लावीत. मॅट्रिकला बसून नापास झालेलाही गावात शहाणाच गणला जाई, कारण तो निदान तिथवर पोचला होता. माझे वडील त्यांपैकी एक. जुनी अकरावी, सगळ्या विषयांत पास, इंग्रजीत चार गुण कमी. लग्न ठरताना आजोबांनी "मुलगा मॅट्रिक नापास आहे" असे मोठ्या आवाजात सांगितल्याचे आमच्याकडे अजून सांगतात. वडिलांनी पुन्हा परीक्षा दिली नाही. राहात्याच्या बाजूला पेरूची बाग केली, आणि कुळवाची पास लावण्यात, जमिनीत ती किती खोल बसवावी यात, त्यांचा हात धरणारा वस्तीवर दुसरा नव्हता. तरी माझी इंग्रजीची उत्तरपत्रिका घरी आली की ते चष्मा लावून आधी खालचा आकडा पाहत. पस्तीसच्या वर आहे एवढे दिसले की न बोलता परत देत.

परीक्षेची ही भीती किती लवकर घरांत शिरली याचा एक दाखला शिर्डीतच आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांचे 'श्री साईसच्चरित' १९३० साली प्रसिद्ध झाले. दाभोलकर स्वतः इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलेले, पण सरकारी नोकरीची परीक्षा देऊन तलाठ्यापासून मॅजिस्ट्रेटपर्यंत चढलेले. तेव्हा परीक्षेचे मोल त्यांना ठाऊक होते. त्यांच्या ग्रंथाच्या एकोणतिसाव्या अध्यायात तेंडुलकर कुटुंबाची गोष्ट आहे. मुलगा वैद्यकीच्या परीक्षेचा अभ्यास करीत होता. ज्योतिष्यांनी सांगितले की यंदा ग्रह बरे नाहीत. मुलाने धीर सोडला, यंदा बसतच नाही म्हणू लागला. आई शिर्डीला आली आणि तिने हे साईबाबांच्या कानांवर घातले. बाबांनी निरोप दिला की पत्रिका गुंडाळून ठेव, स्वस्थ मनाने परीक्षेला बस, तू पास होशील. मुलगा लेखीला बसला. पेपर बरे गेले, पण गुण पुरेसे पडतील असे त्याला वाटेना, म्हणून तो तोंडी परीक्षेला जाईना. तेव्हा खुद्द परीक्षकाने एका सोबत्याबरोबर कळवले की लेखीत तू पास आहेस, तोंडीला ये. गेला, आणि दोन्हींत पास झाला.

भक्त या कथेत कृपा पाहतात, तो त्यांचा विषय. मी इतिहासाचा मास्तर म्हणून दुसरी गोष्ट पाहतो. १९१८ साली बाबांनी देह ठेवला, म्हणजे हा प्रसंग त्याआधीचा. तेवढ्या काळात परीक्षा ही दुखणे, कर्ज आणि अपत्य नसणे यांच्या रांगेत जाऊन बसली होती. लोक ज्या दु:खासाठी साधूकडे जात, त्यांत हे नवे दु:ख सामील झाले होते. आणखी एक गोष्ट मला त्यात दिसते: मुलगा अडला होता तो परीक्षेने नव्हे, परीक्षेच्या भीतीने. ज्या मशिदीत हे बोलणे झाले तिच्या शेजारीच तेव्हा गावची शाळा भरत असे, आणि बाबांचे जवळचे माधवराव देशपांडे तिथे शिक्षक होते. आज परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हॉल तिकीट खिशात घालून दर्शनाला येणारी मुले पाहिली की मला ती भिंत आठवते, एका बाजूला शाळा आणि दुसऱ्या बाजूला मशीद.

लोकांनी या पासाला सोसले, तसे त्याला आपल्या पद्धतीने वाकवलेही. 'काठावर पास' हा शब्दप्रयोग घ्या. गुण काठावर पडले, म्हणजे रेघेला टेकले. पण काठ म्हटला की आम्हा गोदाकाठच्या माणसांना नदीच दिसते, आणि 'उत्तीर्ण' मधली हरवलेली नदी इथे नकळत परत आली असे वाटते. 'वरपास' झाला, म्हणजे पुरते गुण नसताना वरच्या वर्गात घातला. 'ढकलपास' तर अस्सल आपला. पोरगा स्वतः चालत नाही, मागून मास्तर ढकलतो. मुंबईच्या लोकलमध्ये शेंगदाणे विकणाऱ्यांनी 'टाइमपास' घरोघर नेला. तिथे प्रथमच काळ 'पास' होऊ लागला, आणि तोही कोणाच्या परवानगीवाचून! मैदानावर पोरे "बॉल पास कर" म्हणतात तेव्हाही शब्द पुन्हा चालू लागतो. तेव्हा आपण फक्त फाटक घेतले, असे मी वर म्हटले, त्याला एवढी दुरुस्ती करतो.

ठरावाच्या पासाबद्दल फार बोलत नाही. सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या वार्षिक सभेत पहिल्या रांगेतून "मंजूर, मंजूर" असा गजर होतो आणि इतिवृत्तात 'ठराव पास' अशी नोंद पडते. मागे बसलेल्याला ठराव काय होता हे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते. हाही एक ढकलपासच.

शाळेतल्या ढकलपासाचे मात्र पुढे कायद्याने मोठे प्रकरण झाले. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि आठवीपर्यंत कोणालाही त्याच वर्गात मागे ठेवायचे नाही असे ठरले. हेतू चांगला होता. नापास झालेली मुले, विशेषतः मुली, शाळा सोडतात हे सर्वांनी पाहिले होते. पण गुरुजींनी आणि पालकांनी त्याचा अर्थ 'आता सगळे पास' असा लावला. रोजचे मूल्यमापन करायचे होते ते कागदावर राहिले, आणि नववीत आल्यावर जोडाक्षर न येणारी मुले दिसू लागली. २०२३ साली आपल्या राज्याने नियम बदलला आणि पाचवी-आठवीला परीक्षा पुन्हा आणली. मला विचाराल तर दोष ढकलण्याचा नव्हता. चालायला शिकवावे आणि मग गरज पडली तर हात द्यावा, यात गैर काय? पण शिकवण्याचे राहून गेले आणि हातच तेवढा उरला.

त्याआधी काही वर्षे दहावीच्या गुणपत्रिकेवरून 'नापास' हा शेरा काढून टाकला होता. त्याच्या जागी 'कौशल्य विकासास पात्र' असे शब्द आले. ही सुधारणा करणाऱ्यांना त्या शिक्क्याची धग ठाऊक होती, याबद्दल मला शंका नाही. त्या दिवसांत आमच्या वस्तीवरची एक बाई मुलाची गुणपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. कांदे काढून थेट आलेली, हाताला माती. मी शेरा वाचून दाखवला. कौशल्य म्हणजे काय ते सांगितले, विकास म्हणजे काय ते सांगितले, पुढे कोणते शिक्षण घेता येते तेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "ते समदं खरं, सर. पर पोरगं पास हाये का नापास, तेवढं सांगा."